दिवा विझला म्हणजे हो की नाही?

अनोळखी नंबरवरून फोन आला की मी "नमस्कार" म्हणत नाही, "पुस्तक कुठलं?" असं विचारते. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघतो. पलीकडून कुणीतरी धापा टाकत सांगतं की आत्ताच वाचून संपवलंय, गॅसवर भाजी आहे, पण आधी एवढंच सांगा, शेवटी ती मेली का?

मी सांगत नाही. न सांगणं हाच माझा व्यवसाय आहे.

वसई-विरारमध्ये मला "शेवटवाल्या बाई" म्हणतात. परक्या माणसाला वाटतं, मी अंत्यविधीचं सामान पुरवते. तसं नाही. ज्युनियर कॉलेजात मी बरीच वर्षं मराठी शिकवलं. ती नोकरी सोडल्यापासून दर शनिवारी दुपारी वसईतल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर वर्ग घेते. तिथे आम्ही जुनी, नावाजलेली पुस्तकं वाचतो आणि ज्यांचे शेवट कळलेले नाहीत त्यांच्यावर भांडतो. जुन्या लेखकांना एक खोड होती. अडीचशे पानं नायिकेच्या कपाळावरचा घामसुद्धा वर्णन करून सांगायचा, आणि शेवटच्या पानावर तिला विहिरीच्या काठावर उभी करून स्वतः निघून जायचं. तिनं उडी मारली की पाणी भरलं? वाचक बिचारा कळशी हातात धरून उभा. अशा वाचकांची सोय करणं हे माझं काम. आता सोय म्हणजे उत्तर नव्हे. दुकानात गेलेल्या माणसाला वस्तूऐवजी वजनकाटा देऊन घरी पाठवण्यासारखं हे काम आहे. लोक चिडतात. पण पुढच्या शनिवारी परत येतात.

या लेखात मी एकाही पुस्तकाचं नाव देणार नाही. दिलं तर "तो शेवट तसा नाहीच" अशी पत्रं येतील आणि दिवाळी अंकाचं भांडण संक्रांतीपर्यंत पुरेल. वर्गातही आम्ही टोपणनावंच वापरतो. विहिरीची कादंबरी, छत्रीची कविता, दिव्याची कादंबरी.

छत्रीच्या कवितेचं सांगते, म्हणजे धंदा कळेल. कवितेत एका घराच्या कोपऱ्यात मिटलेली छत्री उभी आहे आणि तिच्यातून पाणी ठिबकतंय. बस. घरात कोण आहे, काय चाललंय, काही नाही. मार्गदर्शिका म्हणते की छत्री हे विरहाचं प्रतीक. कॉलेजात मुलं डोळे मिटून तसं लिहायची. एका पोरीनं मात्र लिहिलं की छत्री ओली आहे, म्हणजे कुणीतरी आत्ताच आलंय. मिटलेली आहे, म्हणजे ते माणूस लगेच जाणार नाही. तेव्हा ही आनंदाची कविता आहे. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. माझ्या वरिष्ठांनी बोलावून विचारलं की हे कुठल्या मार्गदर्शिकेत आहे. मी म्हटलं, छत्रीत आहे. त्यांना ते आवडलं नाही, पण गुण कापायलाही जमलं नाही. तेव्हापासून माझा नियम एकच. प्रतिमा ही आधी वस्तू असते. छत्री आधी भिजते, मग तिला अर्थ येतो. ज्याला ठिबकणारं पाणी दिसत नाही त्यानं विरहाच्या गोष्टी करू नयेत.

उत्तर न देणं मात्र सगळीकडे चालतं असं नाही. किनाऱ्याकडच्या एका गावात चर्चच्या सणाला दरवर्षी नाटक होतं. एका वर्षी त्यांनी एक जुनं गाजलेलं नाटक घेतलं. शेवटी नायक टेबलावरच्या दोन पेल्यांपैकी एक उचलून पितो आणि पडदा पडतो. एका पेल्यात विष आहे. कुठल्या, ते नाटककारानं सांगितलेलं नाही. नाटक बसवत होत्या फिलोमिना लोपीसबाई. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या पुढच्या, आवाज मात्र अजून पटांगणावर रांगा लावणारा. त्यांनी मला बोलावून घेतलं. नायकाचं काम करणारा गृहस्थ टेम्पो चालवणारा होता, चांगला दारासारखा रुंद. त्याचा प्रश्न साधा होता. पडायचं की नाही?

मी त्याला तासभर समजावलं. हे नाटक उत्तर देत नाही, प्रेक्षकाला अधांतरी ठेवतं, तेव्हा तुमच्या देहबोलीतूनही दोन्ही शक्यता दिसायला हव्यात. त्यानं सगळं मनापासून ऐकलं, हेच चुकलं. प्रयोगात पेला पिऊन तो पडलाही नाही आणि उभाही राहिला नाही. खुर्चीच्या कडेला टेकून तिरका झाला आणि पडदा अडकल्यामुळे तसाच राहिला. अर्ध्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतला एक जण पाण्याची बाटली घेऊन स्टेजवर चढला. मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "गॅस झालाय त्याला."

त्याची पाठ धरली ती बरेच दिवस सुटली नाही. याचं मला वाईट वाटतं. नटाला संदिग्धता देऊ नये, खुर्ची द्यावी, हे मी तेव्हा शिकले. आणि लोपीसबाई पुढच्याच शनिवारी माझ्या वर्गात येऊन बसल्या. म्हणाल्या, "तू बोलून बोलून माझ्या हिरोला आडवा केलास, बाय. आता मला तरी शिकव, शेवट कसा करत्यात."

आता मुख्य गोष्ट. ती सांगायला संबंधितांची परवानगी आहे. केळ्यांची फणी देऊन मिळालेली आहे.

माझ्या वर्गात मनोहर राऊत नावाचे गृहस्थ येत. राजोडीच्या बाजूला त्यांची वाडी आहे, केळी आणि सोनचाफा. आयुष्यभर नोकरी टेलिफोन खात्यात, बिघडलेल्या लाइनी शोधण्याची. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. दर शनिवारी स्कूटरवरून यायचे, मागच्या रांगेत बसायचे आणि सगळ्याला मान डोलवायचे. त्यांनी एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ज्याची मान दोन्ही बाजूंच्या मतांना सारखीच डोलते त्यानं पुस्तक वाचलेलं नसतं. ते कशासाठी येतात हेही माहीत होतं. ते सुलभा सामंतसाठी येत.

सुलभा मूळची कुडाळकडची. मुंबईच्या एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका होती, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर वसईत वाचनालयाच्या जवळच चौथ्या मजल्यावर राहायची. बोलायची कमी. बोलली की सुई टोचल्यासारखं, पण दुखून झाल्यावर बरं वाटायचं. पावसाळा संपता संपता तिनं वर्गात सांगितलं की भाऊ गावी बोलावतोय, फ्लॅट विकायला काढलाय, पुढच्या रविवारी गिऱ्हाईक बघायला येणार आहे.

त्या संध्याकाळी राऊतभाऊंनी वाचनालयाच्या आवारात, सायकलींच्या रांगेशेजारी, तिला विचारलं. कसं विचारलं ते मला नंतर कळलं. म्हणाले, गावी जाण्यापेक्षा वाडीवर या, दोघं मिळून राहू, रीतसर लग्न करून. आणि बरोबर आणलेली वेलची केळी पुढे केली. सुलभानं केळी घेतली. पिशवीतून एक पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. म्हणाली, "माझं उत्तर या पुस्तकाच्या शेवटासारखं आहे. वाचा, आणि पुढच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर मला सांगा, काय कळलं ते."

ती दिव्याची कादंबरी होती.

मराठीत जेवढे अडलेले शेवट आहेत त्यांत हा सगळ्यांत अडलेला. खाडीच्या एका काठावर शाळामास्तरीण राहते, दुसऱ्या काठावर मिठागरावरचा कारकून. त्यानं तिला लग्नाचं विचारलंय, ती "उद्या सांगेन" म्हणालीय. शेवटच्या पानावर तिन्हीसांजेला तो आपल्या काठावर उभा राहून पाहतो. पलीकडे तिच्या ओटीवर दिवा आहे. मग दिवा विझतो. संपली कादंबरी. आता दिवा का विझला? ती घर बंद करून त्याच्याकडे निघाली, की दार लावून झोपायला गेली? घर सोडतानाही माणूस दिवा विझवतो आणि झोपतानाही विझवतो. वर्षानुवर्षं लोक यावर भांडतायत. मी स्वतः दर बॅचला दोन्ही बाजू मांडून, मधे उभी राहून, पाणी पिऊन खाली बसते.

राऊतभाऊंनी ती दोन दिवसांत वाचली. आयुष्यात पूर्ण वाचलेलं पहिलं पुस्तक. तिसऱ्या दिवशी सकाळी ते विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात, माझ्या दारात उभे. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात केळी. आधी पाणी मागितलं. मग म्हणाले, "बाई, दिवा विझला म्हणजे हो की नाही?"

मी त्यांना नियम सांगितला. मी उत्तर देत नाही. आतल्या खोलीत माझा नवरा क्रिकेट बघत होता. तो तिथूनच म्हणाला की गरीब माणूस आहे, हो म्हणून टाक. मी दार लोटून घेतलं.

पण माणूस इतका घामाघूम होता की नुसता हाकलणंही बरं दिसेना. मी म्हटलं, उत्तर देणार नाही, पद्धत देते. कादंबरीत याआधी दिवा कुठे कुठे आलाय ते शोधू. एखादी वस्तू पुस्तकात आधी कशी वागलीय यावरून शेवटी ती काय करेल याचा अंदाज बांधतात. हे ऐकल्यावर राऊतभाऊंचा चेहरा उजळला. हे त्यांच्या खात्याचं काम निघालं. खांबामागून खांब तपासत जायचं आणि बिघाड कुठे आहे ते पाहायचं. जेवणाच्या टेबलावर आम्ही बसलो आणि त्यांनी कादंबरीतले सगळे दिवे तपासले.

पहिल्याच प्रकरणात भाऊ होडीनं येणार म्हणून ती ओटीवर दिवा ठेवते. राऊतभाऊ म्हणाले, दिवा लागला की माणूस येणार. पुढे ती जत्रेला निघते तेव्हा दिवा विझवून निघते. म्हणजे विझला की ती निघाली. ते खुर्चीतून उठायलाच लागले होते. मी त्यांना बसवलं, कारण दोन पानांनंतर ती रुसून दिवा विझवते आणि भावाशी न बोलता झोपते. ते खाली बसले. मग त्यांनी विचारलं, की तेल संपलं असेल तर? इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आम्ही तेलाचे उल्लेख शोधले. आदल्या प्रकरणात तिनं बाटली भरून तेल आणलं होतं. तेही दार बंद.

पुस्तक मिटून त्यांनी ते केळ्यांशेजारी ठेवलं. "म्हणजे लाइन चालू आहे, पण पलीकडून कुणी बोलत नाही," ते म्हणाले. संदिग्ध शेवटाची याहून नेमकी व्याख्या मला आजवर जमलेली नाही. मी ती वर्गात वापरते, त्यांचं नाव घेऊन.

जाताना दारात चप्पल घालत म्हणाले, "शनिवारी मी काय सांगू तिला? चुकीचं सांगितलं तर ती जाईल. आणि बरोबर सांगितलं, आणि ते नाही असलं, तरी जाईल."

मी एवढंच केलं की आठवड्याचं ठरलेलं पुस्तक बदललं. वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं, येत्या शनिवारी विहीर नाही, दिवा.

शनिवारी वर्ग भरला. नेहमीपेक्षा जास्त माणसं. दिव्यावर भांडायला लोक लांबून येतात. सुलभा खिडकीपाशी बसली होती. राऊतभाऊ मागच्या रांगेत, या वेळी पुस्तक घेऊन, आणि पुस्तकात कागदाच्या इतक्या खुणा की ते फुललं होतं. बाकी कुणाला काही ठाऊक नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

सुरुवात जोगळेकरांनी केली. हे विमा कंपनीत दावे तपासायचे. प्रत्येक शेवटात त्यांना मृत्यू तरी दिसतो, नाहीतर लबाडी. त्यांचं म्हणणं, नायिकेचं काही बरंवाईट झालंय, दिवा आपोआप विझलाय, आणि कारकुनाला ते कळलेलं नाही. मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी घाईनं म्हटलं की पुस्तकात त्याला आधार नाही, पुढे चला. मग एक बाई म्हणाल्या की ती झोपली, कारण इतकी वर्षं एकटी राहिलेली बाई उगाच कशाला कुणाचे डबे करेल. राऊतभाऊंची मान खाली. लोपीसबाई उठल्या. म्हणाल्या, "घर सोडताना दिवा चालू कोण ठेवतं, बाय? आग लागंल. ती निघाली." मान वर. मग कुणीतरी विचारलं की रात्री होडी असते का. मान खाली. तासभर त्या बिचाऱ्याची मान रहाटासारखी खालीवर होत होती. वर्ग एका कादंबरीवर हमरीतुमरीवर आला होता आणि मागे एका माणसाचं लग्न लागत होतं, मोडत होतं, परत लागत होतं. मला हसू आवरेना, म्हणून मी फळ्याकडे तोंड करून उगाच "दिवा" असं लिहिलं.

शेवटी मी सुलभाला विचारलं, तुमचं काय मत. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "सगळे दिव्याबद्दल बोलताय. तो पलीकडच्या काठावर उभा आहे, तो काय करतोय, हे कुणी विचारलंच नाही."

जोगळेकर म्हणाले की तो काही करत नाही, तो बघतोय. सुलभा म्हणाली, "तेच." पिशवी उचलली, पाणी यायची वेळ झाली म्हणाली, आणि गेली. वसईत या कारणावर कुणी वाद घालत नाही.

खाली आवारात राऊतभाऊ पुस्तक उघडून शेवटचं पान वाचत उभे. मी आणि लोपीसबाई जिन्यावरून उतरलो. ते मला म्हणाले, "वर्ग सुटल्यावर सांगायचं होतं. ती थांबलीच नाही. आता हो की नाही?"

तेव्हा मी नियम मोडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, "राऊतभाऊ, काठावरचा तो माणूस तुम्ही आहात. तुम्ही पुस्तक वाचता, खुणा घालता, मला विचारता, वर्गाला विचारता. होडीत बसा."

"म्हणजे?"

लोपीसबाईंना हे प्रकरण आधीच कळलेलं दिसलं. त्यांनी राऊतभाऊंच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. "म्हणजे तिच्या घरी जा, बाबा. चौथा माळा."

त्यांनी स्कूटरच्या डिकीतून केळी काढली. ती होतीच, सवयीनं. आणि आम्हां दोघींना म्हणाले की तुम्ही पण चला. म्हणून आमची वरात निघाली, पुढे केळी, मागे साहित्य. दिवेलागणीची वेळ, रस्त्यावर मासळीवाल्या टोपल्या आवरत होत्या, दुकानांतून आकाशकंदील लागलेले. सुलभाच्या इमारतीखाली पोचेपर्यंत राऊतभाऊ तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत होते. मी कान दिला. ते "नमस्कार, मी राऊत" एवढंच घोकत होते.

इमारतीला जुनी लिफ्ट आहे, जाळीच्या दाराची. राऊतभाऊंचे गुडघे दुखतात म्हणून ते लिफ्टमध्ये शिरले. मी जाळीच्या लिफ्टवर विश्वास ठेवत नाही. लोपीसबाई म्हणाल्या की अशा वेळी माणसानं एकट्यानंच जावं, आपण जिन्यानं मागून हळूच. म्हणजे त्यांना जायचं होतंच, फक्त हळूच.

आम्ही दुसऱ्या मजल्याच्या पुढे वळणावर असू, तेवढ्यात लाइट गेली. शनिवारी संध्याकाळी वसईत लाइट जाणं ही बातमी नव्हे. सगळी इमारत एकदम "हो" असं ओरडते, तशी ओरडली, आणि गप्प झाली. आणि त्या शांततेत वरून राऊतभाऊंचा आवाज आला. ते कुणाला हाक मारत नव्हते. नुसतं "अरे" म्हणाले.

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली होती. तिसऱ्या मजल्याच्या फरशीच्या पातळीला, जाळीमागे, त्यांचं डोकं आणि केळी एवढंच होतं. हे आम्हांला दिसलं, कारण वरून उजेड आला. सुलभा मेणबत्ती घेऊन जिना उतरत होती. कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलंय हे तिला आवाजावरून कळलं होतं. असल्या वेळी धावत येणं हा तिचा जुना पेशा. ती जाळीपाशी वाकली, आणि मेणबत्तीच्या उजेडात तिला ते डोकं दिसलं.

आम्ही दोघी वळणावर, अंधारात, भिंतीला चिकटून.

"नमस्कार, मी राऊत," डोकं म्हणालं.

"दिसतंय," सुलभा म्हणाली. "श्वास लागतोय का? छातीत दुखतंय?"

"नाही."

"मग कशाला आलात?"

"शेवट विचारायला. मला कळला नाही. मी सगळे दिवे तपासले. बाईंकडे गेलो होतो. काही कळलं नाही."

सुलभा मग फरशीवर, जाळीच्या समोर, सरळ मांडी घालून बसली. मेणबत्ती मधे ठेवली. ऑपरेशनच्या आधी विचारतात तशा आवाजात तिनं विचारलं, "खरं सांगा. लाइट गेली म्हणून माझ्याकडे आलात, की आधीच निघाला होतात?"

"आधीच निघालो होतो. लाइट नंतर गेली. म्हणून तर अडकलो."

"मग हो," सुलभा म्हणाली.

"काय हो?"

"सगळं हो. उद्या त्या गिऱ्हाइकाला यायला नको म्हणून सांगते. केळी इकडे द्या, चेपतील."

केळी जाळीतून जाईनात. दोघंही बराच वेळ गंभीरपणे प्रयत्न करत होते, आधी अख्खी फणी, मग एकेक. लोपीसबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. मला त्यांच्याकडे बघणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात लाइट आली. कुणीतरी खालून बटण दाबलेलं असणार, कारण लिफ्ट वर जायच्या ऐवजी खाली निघाली. नुकताच होकार मिळालेला माणूस जाळीत उभा, हातात अर्धी फणी, आमच्या डोळ्यांसमोरून हळूहळू उतरत गेला. आधी पाय दिसले, मग केळी, मग चेहरा. आम्हांला बघून त्यांनी मान डोलवली. या वेळी मात्र कळून डोलवली असावी.

वर सुलभा उठली, साडी झटकली आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली.

लोपीसबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "आता का विझवली, बाय?" कुजबुजत म्हणाल्या. "निघाली का झोपली?"

मी तिथेच पायरीवर बसले. निघाली नव्हती, झोपलीही नव्हती. उजेड आला होता, अडकलेला माणूस सुखरूप होता, मेणबत्तीची गरज संपली होती. छत्री आधी भिजते म्हणून वर्षानुवर्षं सांगणारी मी, आणि दिवा कशासाठी लावतात हे पहिल्याच प्रकरणात लिहिलेलं असताना, तो विझायची दोनच कारणं शिकवत होते. दिवा लावतात वाट पाहण्यासाठी; ज्याची वाट पाहायची तो निघाला की दिवा कशाला?

सुलभानं वरून डोकावून पाहिलं. "बाई, तुम्ही इथे काय करताय?"

मी म्हटलं, "प्रात्यक्षिक."

पुढच्या शनिवारी मी वर्गाला हे तिसरं कारण सांगितलं. सुलभा आणि राऊतभाऊ शेजारी शेजारी बसले होते, पुढच्या रांगेत. जोगळेकरांना अर्थातच पटलं नाही. म्हणाले, आधार काय? तो कारकून तर पलीकडच्या काठावर उभाच आहे. पुस्तक संपेपर्यंत तो जागचा हललेला नाही. मी म्हटलं, पुस्तक संपेपर्यंत नाही. ते म्हणाले, मग संपल्यावर काय झालं? हा प्रश्न माझ्या वर्गात विचारायला बंदी आहे, आणि मी तसं सांगणारच होते.

पण राऊतभाऊंनी हात वर केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उभे राहिले, पुस्तकावर बोट ठेवलं, आणि म्हणाले, "होडीत बसला, साहेब."

"आणि मधेच अडकला," सुलभा म्हणाली.